गंजलेली पटाशी

बाबा गेल्यावर त्यांची सुतारकामाची पेटी भंगारात द्यायची, असं धाकट्या भावाने परस्पर ठरवून टाकलं. शिवणकाम करणारी थोरली बहीण मात्र हटून बसली. "गंजच चढलाय ना? काही मेलेली नाहीत ती हत्यारं," म्हणाली आणि पेटी उचलून आपल्या घरी घेऊन आली.

मशीन बंद केलं की ती व्हिनेगरच्या बादलीत भिजवलेली हत्यारं बाहेर काढायची आणि तारेच्या ब्रशने घासत बसायची. तांबूस चिखल ओघळायचा, खालून पोलाद चमकायचं. करवत झाली, रंध्याचं पातं झालं. पटाशी घासताना मात्र हात सटकला आणि तिचा कोपरा अंगठ्याच्या बुडाशी खोल रुतला. तिने चिंधी गुंडाळली. सुई रोजच टोचते, त्यात काय एवढं!

आठवड्याने सकाळी चहाचा कप तोंडाला लावला, तर जबडा उघडेना.

तिने कप खाली ठेवला. तिच्या लहानपणी चुलत्याच्या पायात असाच गंजका खिळा घुसला होता. धनुर्वात. कमानीसारखी वाकलेली पाठ, घट्ट मिटलेले दात, आणि डोळे मात्र टक्क उघडे, सगळं समजत असलेले. दाराआडून तिने ते पाहिलं होतं. ती आरशासमोर गेली. दातांमधून बोटही आत जाईना. मान दुखतेय का? दुखतेय. पाठ? तीही. जिथे चाचपावं तिथे दुखत होतं. बोलून दाखवलं तर खरं ठरेल, म्हणून ती गप्प राहिली आणि एकच बाही दोनदा उलटी जोडून बसली.

दुपारी भाऊ डोकावला. "ताई, आज तू गप्प? तब्येत बरी आहे ना?"

तिने हात पुढे केला. "पटाशी लागली," ती दातांतूनच पुटपुटली. "तोंड उघडत नाहीये रे."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिला तशीच रिक्षात घातली.

डॉक्टरांनी कशीबशी जीभ दाबायची पट्टी घशापर्यंत सरकवली. तिला उमळून आलं.

"धनुर्वात असता तर दात पट्टीवर आवळले असते," ते म्हणाले. "हत्यारं घासताना दातावर दात दाबता का? त्यानेही जबडा आखडतो."

"दातओठ खाऊन घासते," भाऊ म्हणाला. "माझ्यावरचा राग, डॉक्टर."

जखम धुतली, इंजेक्शन दिलं. "गिळायला त्रास झाला तर मात्र लगेच या," हे शेवटचं वाक्य तेवढं तिच्या डोक्यात घुसलं. रिक्षातून घरी येईपर्यंत ती उगाच आवंढे गिळून पाहत होती.

घरी आल्यावर भावाने विचारलं, "आता तरी टाकू ही पेटी?"

तिने मान हलवली. नाही.

तो जाड हातमोजे चढवून खाली बसला आणि पटाशी घासायला लागला. ती जबडा धरून त्याच्या बोटांकडे बघत राहिली. ब्रश धारेकडे सरकला.

"अरे, अंगठा!" ती किंचाळली.

भाऊ इतका दचकला की पटाशी बादलीत पडली. तिच्या जबड्यातून कळ गेली. तोंड उघडलं होतं.

"हातमोजे आहेत, ताई," तो म्हणाला. मग बादलीत हात घालून त्याने पटाशी पुन्हा बाहेर काढली.