पान बेचाळीसवरचा इशारा

कंपालातल्या आमच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर अजून बनत होतं. तरीही सोमवारपासून जिंजा शहरातल्या एका कला महाविद्यालयातली साठ मुलं ते वापरणार होती. त्यांच्यासाठीची माहितीपुस्तिका नालवांगा लिहीत होती. पान बेचाळीसवर तिने लिहिलं होतं: 'पात्राचे ओठ आवाजाशी जुळवल्यावर चूक मागे घ्यायला अनडू दाबू नका. सगळं दृश्य पुसलं जातं. परत मिळत नाही.'

गुरुवारी सकाळी संचालक काग्वांनी तो मजकूर काढून टाकला.

"दुरुस्ती चालू आहे," ते म्हणाले. "दोन आठवड्यांत होईल."

"मग दोन आठवड्यांनी काढेन."

"आपणच आपली अब्रू कशाला काढायची, बाई? हे वाचून ती मुलं सॉफ्टवेअर उघडणारसुद्धा नाहीत."

"साहेब, तुम्ही पुढे होणार ते लिहिता. मी आज होतं ते लिहिते."

एवढं बोलून तिने पानाखालचं स्वतःचं नाव खोडलं. आमच्याकडे नावाशिवाय पान बाहेर जात नाही. नाव घालणाऱ्याने आधी एका नवख्याला बसवायचं, पानावर असेल तेवढंच त्याला करू द्यायचं आणि मध्ये तोंड उघडायचं नाही.

"माझं नाव घालतो," काग्वा म्हणाले.

"घाला. माणूस बसवा."

त्यांनी ड्रायव्हर ओपोलोतला बसवलं. तीन तास खपून त्याने एका बोकडाला बोलतं केलं. आवाज स्वतःच दिला, तो हुबेहूब काग्वांसारखा. सगळे हसले, काग्वाही. मग एका ठिकाणी ओठ चुकले म्हणून ओपोलोतने अनडू दाबलं.

स्क्रीन कोरी झाली.

"माझा बोकड कुठे गेला?"

काग्वा गप्प. नियमच तसा होता.

"सांगा ना, साहेब. पानावर तर काहीच नाही."

काग्वांनी आपलं नाव खोडलं. "घाल तुझा इशारा," ते नालवांगाला म्हणाले. "पण शेवटी. बारीक अक्षरांत."

"पहिल्या पायरीच्या वर. ठळक. नाहीतर मी सही करत नाही."

ते खुर्चीवरून उठले. नालवांगा तिथे बसली आणि तिने इशारा हवा तिथे टाइप केला. पान बदललं होतं, म्हणजे चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती, आणि ओपोलोत आता नवखा राहिला नव्हता. तिने गेटवरच्या रखवालदाराला हाक मारली.