ईस्टरचा खून आणि रिकामे सेल

हालवरला सगळ्यात जास्त कीव कुणाची येत असेल, तर पूर्ण किमतीला बॅटरीचे सेल विकत घेणाऱ्यांची. कोंग्सबर्ग शहरातल्या दुकानात रांगेत पुढे एखादी बाई साध्या सेलचं पाकीट घेऊन उभी दिसली, की त्याला राहवायचं नाही. "एकदा वापरून फेकून देणार हे?" असं तो विचारायचा, आणि मग त्या बिचारीची सुटका नसायची. चार्ज होणारे सेल घ्यावेत, पण नाताळाआधी घेऊ नयेत, तेव्हा खेळण्यांपायी भाव चढलेले असतात. जानेवारीत घ्यावेत. पाकिटाची किंमत बघू नये, एका सेलला काय पडतं ते बघावं, आणि सेलवर छापलेला ताकदीचा आकडाही बघावा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेला सेल आठवड्यात मान टाकतो. नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी नाद हवाच, आणि हा नाद तसा निरुपद्रवी होता.

त्याची बायको सिग्रुन हिला तो तितकासा निरुपद्रवी वाटत नसे.

"आपल्या घरात सेल घालायच्या वस्तूंपेक्षा सेल जास्त झालेत," ती म्हणायची. "आता सेलांसाठी वस्तू आण विकत."

"भिंतीवरचं घड्याळ, दारावरची घंटा, तुझा स्वयंपाकघरातला वजनकाटा. हे सगळं घर माझ्या सेलांवर चालतंय."

"मी सोडून."

यंदाच्या जानेवारीत मात्र हालवरला खरोखरच घबाड सापडलं. द्रामेनमधलं एक विजेच्या सामानाचं दुकान गाशा गुंडाळत होतं. तळघरातल्या मांडणीवर, सगळ्यात खाली, धुळीने माखलेला एक खोका. आत सेलच सेल, वर चार्जर फुकट, आणि भाव असा की हालवरने तो गल्ल्यावरच्या मुलीला दोनदा विचारून घेतला. खोक्याच्या बुडाला बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. एरवी हा माणूस दुधाच्या खोक्यावरचा मजकूरही चष्मा लावून वाचतो, पण त्या दिवशी चष्मा खिशातच राहिला. घरी येऊन त्याने खोका कपाटात ठेवला आणि जाहीर केलं, "हे उघडायचे नाहीत. हे ईस्टरला डोंगरावर न्यायचे."

डोंगरावर म्हणजे नुमेदाल खोऱ्याच्या वरच्या अंगाला, एका छोट्या तळ्याकाठी असलेलं त्यांचं लाकडी घर. हालवरच्या बापाने बांधलेलं. तिथे वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि या तिन्ही गोष्टींचा हालवरला सारखाच अभिमान. मेणबत्त्यांचा उजेड, लाकडांची शेगडी, तळ्याच्या बर्फाला भोक पाडून आणलेलं पाणी. ईस्टरच्या सुट्टीत सगळं शहर ओस पडतं आणि माणसं अशा घरांत जाऊन बसतात, दिवसभर बर्फावर स्कीइंग करतात, उन्हात भिंतीला पाठ टेकून संत्री आणि चॉकलेट खातात, आणि संध्याकाळी रेडिओवर खुनाची मालिका ऐकतात. येशूच्या दुःखाच्या आठवड्यात खून ऐकत बसणं बाहेरच्यांना विचित्र वाटत असेल, पण इथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ही मालिका हालवर पूर्वी तिघांत ऐकायचा. तो, सिग्रुन आणि तळ्यापलीकडच्या घरातला ऑडमुंड. हालवर आणि ऑडमुंड पोरवयापासूनचे दोस्त. ऑडमुंडची बायको गेल्यावर तर तो ईस्टरभर यांच्याच शेगडीपाशी असे. शेवटून दुसरा भाग संपला की तिघांनी आपापला खुनी सांगायचा, आणि ज्याचा चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी तळ्यावरून पाणी आणायचं.

मग तळ्याभोवतीच्या घरमालकांची ती सभा झाली. वीज आणायची की नाही, असा विषय होता. हालवर उठून उभा राहिला आणि तावातावाने बोलला. डोंगरावर येऊन टीव्हीच बघायचा तर शहरातच मरा, असं म्हणाला. ज्याला तार हवी त्याने माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवू नये, असंही म्हणाला. मग हात वर करायला सांगितले, आणि विजेच्या बाजूने पहिला हात वर गेला तो ऑडमुंडचा, डावा. ठराव मंजूर झाला, तळ्याभोवती तार आली, फक्त हालवरने ती आपल्या घरात घेतली नाही. त्या सभेला तीन वर्षं झाली. त्या दिवसापासून ऑडमुंडने खरोखरच उंबऱ्यात पाऊल ठेवलं नाही, आणि हालवरने तळ्याच्या बाजूच्या खिडकीला पडदा लावला. त्याला ऑडमुंडची आठवण यायची, फार यायची. पण बोललेला शब्द गिळायचा कसा, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा निघताना सिग्रुनने पिशवीत साध्या सेलचं एक पाकीट टाकलं होतं. हालवरने ते बाहेर काढलं. "ओझं कशाला? आपल्याकडे नवे कोरे आहेत." आणि खोका चार्जरसकट पाठीवरच्या पिशवीत कोंबला.

गुरुवारी संध्याकाळी मालिकेचा शेवटून दुसरा भाग होता. डोंगरातल्या हॉटेलात उतरलेल्या गायकवृंदाचा संचालक सॉनामध्ये, म्हणजे वाफेच्या खोलीत, मेलेला सापडला होता, आणि संशय ऑर्गन वाजवणाऱ्या बाईवर, हॉटेलच्या मॅनेजरवर आणि मेलेल्याच्या बहिणीवर होता. जुने एफएम रेडिओ देशात बंद झाल्यापासून आलेले हे नवे डिजिटल रेडिओ सेल नुसते पितात. भाग संपता संपता रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

"मॅनेजर," हालवर म्हणाला.

"ऑर्गनवाली," सिग्रुन म्हणाली. "आता सेल बदल, बातम्या ऐकू."

हालवरने मोठ्या थाटात खोका फोडला. नवे सेल घातले. रेडिओ गप्प. उलटसुलट करून पाहिले, दुसरे घातले, मग तिसरे. शेवटी मेणबत्ती जवळ घेऊन, चष्मा लावून त्याने खोक्याचं बूड वाचलं. पहिल्या वापराआधी पूर्ण चार्ज करावेत, असं तिथे लिहिलं होतं. हल्ली बरे सेल दुकानातूनच भरून येतात, त्यामुळे रिकामे विकले जाणारे जुन्या धाटणीचे सेलही जगात असतात हे हालवर, साक्षात हालवर, विसरून गेला होता.

सिग्रुनने चार्जर उचलून त्याच्या पिनेकडे निरखून पाहिलं. "हा छान आहे. कुठे लावू? लोण्यात?"

"थंडीने गारठलेत ते. ऊब दिली की येतील शुद्धीवर."

मग हालवरने काही सेल शेगडीशेजारी लोकरीच्या मोज्यात ठेवले, काही काखेत धरले, आणि झोपताना उरलेले पांघरुणात घेतले. सकाळी सिग्रुनच्या पाठीखालून एक निघाला. रेडिओ मात्र तसाच गप्प होता. शिवाय दिवस गुड फ्रायडेचा, खाली गावातलं एकूण एक दुकान बंद, आणि संध्याकाळी मालिकेचा शेवटचा भाग.

"ऑडमुंडकडे जा," सिग्रुन म्हणाली.

"जाणार नाही."

"मग मी जाते. मी काही सभेत भाषण दिलेलं नाही."

हालवर मोज्यातले सेल पुन्हा शेगडीजवळ सरकवायला लागला. सिग्रुन त्याच्यासमोर बसली. "हे बघ, खुनी कोण ते मला कळायलाच हवं आहे, पण ते सोड. तीन वर्षं तू त्या पडद्याकडे बघत जेवतोस. मला कंटाळा आलाय. असं निमित्त पुन्हा मिळायचं नाही. जा."

दुपारी हालवरने पायाला स्की बांधल्या आणि तळं ओलांडलं. पाठीवर चार्जर आणि रिकामे सेल होते. ऑडमुंडच्या दाराशी पोहोचला तेव्हा त्याची नजर सवयीने भिंतीलगतच्या लाकडांवर गेली. ओंडके होते तसेच होते. तीन-चार वर्षांपूर्वी दोघांनी मिळून आणून रचले होते ते, न फोडलेले, वर बर्फाचा थर.

दार उघडून ऑडमुंड उभा राहिला. म्हातारा दिसत होता.

"रस्ता चुकलास?" ऑडमुंडने विचारलं.

"नाही. सेल चार्ज करायचेत."

"काय करायचेत?"

"सेल. चार्ज." हालवरने पिशवीतून चार्जर काढून दाखवला. "विजेवर."

ऑडमुंडचा चेहरा दगडासारखा होता, पण मिशी हलायला लागली. "म्हणजे ती तार? जिच्यापायी डोंगर बाटणार होता ती?"

"तीच. आता काय बोलायचं ते बोलून घे, मला थंडी वाजतेय."

"स्वस्तात मिळाले असतील."

"फार स्वस्तात," हालवर म्हणाला, आणि एवढ्या फजितीतही त्याला भाव सांगितल्यावाचून राहवलं नाही.

भाव ऐकून ऑडमुंडने शीळ घातली आणि दारातून बाजूला झाला. चार्जर भिंतीला लागला. लाल दिवा पेटला. घरात भिंतीवर विजेचा हीटर होता, आणि शेगडी थंडगार, आत राखेचा कणही नाही. हालवरने शेगडीकडे पाहिलं, कोपऱ्यात टांगलेल्या कुऱ्हाडीकडे पाहिलं. कुऱ्हाडीला गंज चढला होता.

"लाकडं का फोडली नाहीस?"

"खांदा," ऑडमुंड म्हणाला. "उजवा. हात खांद्याच्या वर जातच नाही. त्या सभेच्या आधीच्या हिवाळ्यापासून."

हालवरला तो वर गेलेला डावा हात आठवला. तो खुर्चीत बसला. "अरे मग सांगायचं ना."

"कधी? तू उभा राहून बापजाद्यांची शेगडी आणि पुरुषाची जात यावर बोलत होतास. त्यात मी मधेच उठून सांगू, की मला लाकूड फोडवत नाही?"

"मी फोडून दिली असती."

"माहीत आहे. म्हणूनच नाही सांगितलं."

हालवरला स्वतःची इतकी लाज वाटली की खोलीत बसवेना. "मी चुकलो, ऑडमुंड," तो म्हणाला. "माझं तोंड त्या दिवशी कुणीतरी धरायला हवं होतं." मग तो उठला, कुऱ्हाड काढली, दगडावर घासून बरी धार आणली आणि बाहेर जाऊन ओंडके फोडायला लागला. ऑडमुंड डोक्यावर टोपी चढवून पायरीवर येऊन बसला.

"गुड फ्रायडेला कुऱ्हाड चालवतोस. तुझी आई असती तर कान उपटले असते."

"तू गप्प बस आणि डाव्या हाताने ढलप्या गोळा कर."

उन्हं उतरेपर्यंत दोघांचं असंच चाललं होतं. अधूनमधून ऑडमुंड आत जाऊन यायचा आणि सांगायचा, "अजून लाल." त्याला त्यात मजा वाटत होती.

"मालिका ऐकतोस का अजून?" हालवरने घाम पुसत विचारलं.

"ऐकतो. पण खुनी कोण ते सांगू कुणाला? भिंतीला सांगतो. भिंत दरवर्षी हरते, पण पाणी काही आणत नाही."

अंधार पडायच्या आत तळ्यावरून एक आकृती येताना दिसली. सिग्रुन होती. पाठीवर संत्री, चॉकलेट आणि भाजलेले बन. तिने शेगडीतला जाळ पाहिला, लाकडांची रास पाहिली, ऑडमुंडला मिठी मारली आणि डोळे पुसले.

"धुरामुळे," ती म्हणाली.

"धूर होत नाही माझ्या शेगडीला," ऑडमुंड म्हणाला.

"गप्प बस रे. खुनी कोण ते सांग."

"मॅनेजर."

"दोघंही मॅनेजर. काय पण डोकी आहेत."

तिघं शेगडीसमोर बसले. ऑडमुंडचा रेडिओ भिंतीच्या विजेवर चालत होता, आणि त्याबद्दल हालवरने चकार शब्द काढला नाही. पोलीस अधिकाऱ्याने सगळ्यांना हॉटेलच्या दिवाणखान्यात जमवलं. कोण कुठे होतं, सॉनाचं दार बाहेरून कुणी अडवलं, एकेक उलगडत गेलं. बहीण रडायला लागली, मॅनेजर ओरडायला लागला, आणि नेमक्या त्या वेळी हालवरला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की चार्जरचा दिवा हिरवा झाला आहे.

तो हळूच उठला. पाणी प्यायला उठल्यासारखं करून चार्जरपाशी गेला, आपली लोकरीची टोपी काढली आणि त्यावर ठेवली. मग परत येऊन बसला.

खून ऑर्गनवालीने केला होता. सिग्रुनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "उद्या सकाळी पाणी. दोघांनी मिळून."

"माझ्याकडे पंप आहे," ऑडमुंड म्हणाला.

"आमच्याकडे नाही. नियम म्हणजे नियम. एका बादलीला दोघांनी धरा, तू डाव्या हाताने धर."

निघताना सिग्रुन पुढे झाली. हालवर दारात बोडक्या डोक्याने उभा राहून उगाच स्कीचे पट्टे आवळत राहिला. आत टोपी चार्जरवर तशीच होती, आणि तिच्या विणीच्या भोकाभोकांतून हिरवा उजेड भिंतीवर पडला होता.

"सेल राहिले तुझे," ऑडमुंड म्हणाला.

"झाले नसतील अजून. स्वस्तातले आहेत, वेळ खातात. उद्या पाण्यानंतर येऊन बघतो."

ऑडमुंडने मान वळवून टोपीकडे पाहिलं, भिंतीवरच्या हिरव्या ठिपक्यांकडे पाहिलं, आणि मग हालवरच्या उघड्या टकलाकडे.

"उद्या कसले होतात," तो म्हणाला. "असले सेल म्हणजे अख्खा ईस्टर जाईल. रोज येऊन बघावं लागेल तुला."