हॅरिस साहेबांचं कुत्रं

आधीच सांगून ठेवते, मी ढ नाही. मखमलाबादच्या आमच्या शाळेत सातवीपर्यंत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. एकदाच दुसरा आला, तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. पण यंदा बाबांच्या डोक्यात आलं की दोन्ही पोरांना नाशकातल्या इंग्रजी शाळेत घालायचं. मला आठवीत आणि ओमला सातवीत. ओम माझा भाऊ, वयाने वर्षभर धाकटा आणि आगाऊपणात दहा वर्षांनी मोठा.

एप्रिलमध्ये नवीन शाळेच्या मोठ्या मॅडमनी मला समोर बसवलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी "येस" म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा "येस" म्हणाले. मग त्या आईकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मी हिचं नाव विचारत होते."

निकाल तिथेच लागला. दहा जूनला पुन्हा यायचं. इंग्रजी ऐकून उत्तरं द्यायची, इंग्रजी वाचून दाखवायचं. जमलं तर आठवी, नाहीतर सातवीपासून सुरुवात.

"म्हणजे माझ्या वर्गात?" ओमने विचारलं.

"हो, तुझ्याच वर्गात," मॅडम म्हणाल्या.

घरी येईपर्यंत ओम हसत होता. "ताई, आपण एकाच बाकावर बसू. तुला काय अडलं तर मला विचार, लाजू नको." मी त्याला चिमटा काढला. त्याच्याआधी वर्षभर जन्माला येऊन त्याच्या शेजारी बसायचं, त्यापेक्षा मी मळ्यात गवार तोडत जन्म काढला असता. आणि मला गवार तोडायला मुळीच आवडत नाही, तिने हात खाजतात.

सुट्टी लागली. शेजारच्या सोमनाथदादाने एका पेनड्राइव्हमध्ये इंग्रजीचे तीस धडे भरून दिले. प्रत्येक धड्यात एक बाई किंवा बुवा दोन मिनिटं बोलणार आणि मग पाच प्रश्न विचारणार. आता हे ऐकायचं कशावर? आईचा फोन गिऱ्हाइकांनी दिवसभर वाजत असतो. घरात पेनड्राइव्ह चालेल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आमच्या छोटा हत्ती टेम्पोवरचा भोंगा. आई रोज सकाळी मळ्यातली भाजी टेम्पोत भरून गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये विकते. टेम्पो तीच चालवते आणि भोंग्यावर आवाजही तिचाच भरलेला असतो, "मळ्यातली ताज्जी मेथी, पालक, कोथिंबीर घ्याऽऽ!"

म्हणून रोज दुपारी मी तापलेल्या टेम्पोत बसून भोंग्यावर इंग्रजी ऐकायचे, आणि माझ्याबरोबर अख्खी वस्ती ऐकायची. पलीकडच्या नवसाबाई तर म्हणाल्या, "तुझं ते इंग्रजी लागलं की आमची म्हैस पान्हा चोरते बघ."

माझी गत म्हशीहून वाईट होती. पहिल्याच धड्यात बाई म्हणाली, "मीनव्हाइल." आता मीनव्हाइल म्हणजे काय, मीनव्हाइल म्हणजे काय, असं करत मी बसले, तोवर बाई सगळी गोष्ट सांगून मोकळी झाली. पाचपैकी शून्य. दुसऱ्या धड्यात दुसरा शब्द आडवा आला. ओम टेम्पोच्या फळक्यावर खडूने माझे मार्क लिहायचा. मे अर्धा सरला, बारा धडे झाले आणि माझा सगळ्यात मोठा आकडा होता दोन. मी रागाने फळका पुसायचे, तो पुन्हा लिहायचा.

आणि मग तो सोमवार आला.

आदल्या दिवशी मी पेनड्राइव्ह भोंग्यातच विसरले होते. सकाळी नऊला आईने नवरंग सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो लावला आणि न बघता बटण दाबलं. मी मागे भाजीत बसले होते आणि ओम फळक्यावर पाय हलवत होता. भोंग्यातून एक जाडजूड इंग्रज गरजला, "अटेन्शन, प्लीज! मिस्टर हॅरिस हॅज लॉस्ट हिज डॉग!"

धडा तेरावा. बागेतली सूचना.

भोंग्यावर मराठी बोललं तर भाजी, गाणं वाजलं तर घंटागाडी. इंग्रजी बोललं म्हणजे सरकारी काम, हे सगळ्यांना न सांगता कळलं. खिडक्या उघडल्या, बाल्कन्या भरल्या. फाटकावरचे वॉचमन फकिराकाका खुर्चीतून ताडकन उठले आणि त्यांनी टोपी घातली.

"अहो, कुणाचं कुत्रं हरवलंय?" दुसऱ्या मजल्यावरून योगिनीताईंनी विचारलं. त्या बँकेतून रिटायर झालेल्या, आणि आवाज मात्र अजून काउंटरवरचाच.

"कुणा हॅरिस साहेबांचं," खालून एक काका म्हणाले. "बी विंगमध्ये नवीन भाडेकरू आलेत, तेच असतील."

"बिचारे! परमुलखात आले आणि कुत्रं गेलं!"

"हर्षे, बंद कर ते!" आई पुढून ओरडली. मी धडपडत बटणाशी गेले आणि धडा मध्येच थांबवला.

"बंद काय करतेस? पुन्हा लाव!" काकांनी मला दरडावलं. "रंग कोणता म्हणाला तो?"

सगळी सोसायटी माझ्याकडे बघायला लागली. मी भोंग्याखाली उभी, म्हणजे मीच सरकार. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, मला मान्य आहे. पण त्या काकांनी मग विचारलं, "तुला इंग्रजी कळतं ना गं?" आणि ओम फस्सकन हसला. संपलंच मग.

"कळतं म्हणजे काय! न कळायला काय झालं?" मी म्हणाले आणि धडा पुन्हा लावला.

मला फक्त रंग हवा होता, म्हणून मी फक्त रंगाची वाट बघितली. मध्ये पाचसहा न कळणारे शब्द आले. मी त्यांना जाऊ दिलं, कारण काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "ब्राऊन! तपकिरी!" मी ओरडले.

"खूण काही?"

पुन्हा लावला. "एक कान पांढरा!"

"नाव काय?"

"बिस्किट!"

"कुठून पळालं?"

"तळ्याजवळून! बदकाच्या मागे!"

"इथे कुठलं तळं?" "सोमेश्वरला नदी आहे की!" "बदकं तिकडेच असतात!" वरून, खालून, जिन्यातून सल्ले यायला लागले. तेवढ्यात ओमने सोसायटीतली पंधरा पोरं गोळा केली होती आणि ती सायकलींवरून "बिस्किऽऽट! बिस्किऽऽट!" करत सुटली होती. नाव ऐकून गल्लीतली सगळी भटकी कुत्री आशेने त्यांच्या मागे लागली. एक आजोबा बनियनवरच बॅटरी घेऊन पार्किंगमधल्या गाड्यांखाली बघत होते. आईने कपाळाला हात लावला होता, पण ती मला काही बोलेना, कारण चार बायका तिच्याकडे मेथी मागत होत्या.

पंधरा मिनिटांत फकिराकाका आले. त्यांच्या गमछ्याच्या टोकाला एक कुत्रं बांधलेलं होतं. तपकिरी. एक कान पांढरा.

"घ्या," काका धापा टाकत म्हणाले. "हॅरिस साहेबांना बोलवा."

टाळ्या पडल्या. कुत्र्याने आमच्या पाटीतली एक काकडी उचलली आणि निवांत खायला बसलं. आणि त्या गडबडीत कुणाच्या तरी कोपराचा धक्का बटणाला लागला. भोंगा पुन्हा सुरू झाला आणि या खेपेला त्याला थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. इंग्रज सगळं बोलला, थोडा थांबला आणि शांतपणे म्हणाला, "नाऊ, आन्सर द फॉलोइंग क्वेश्चन्स. क्वेश्चन नंबर वन."

एवढी शांतता झाली की कुत्र्याचं काकडी चावणं ऐकू येत होतं.

"हा... धडा आहे?" योगिनीताई म्हणाल्या. एव्हाना त्या खाली आल्या होत्या.

माझा सगळा रुबाब उतरला. मी रडत रडत सगळं सांगितलं. दहा जून, मोठ्या मॅडम, सातवीचा वर्ग, ओमच्या शेजारचा बाक, बारा धड्यांचे मार्क, सगळं. मला वाटलं, आता आमचेच टोमॅटो आमच्यावर पडणार. योगिनीताई तोंडावर पदर धरून थरथरत होत्या. मग त्यांना हसू आवरेना आणि त्या कांद्याच्या गोणीवर बसल्या. त्यांचं बघून रंग विचारणारे काका हसले, बॅटरीवाले आजोबा हसले, आई तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती.

"हसता काय सगळे?" फकिराकाका चिडले. "म्या कुत्रं आनलं, ते खरं हाय ना?"

"पण काका, तुम्हाला इंग्रजी येतं?" मी नाक पुसत विचारलं.

"नाय बा. चार शब्द कळले. डॉग, ब्राऊन, व्हाइट, लॉस्ट. चार शब्दांत कुत्रं घावतं की! बाकीचं कशाला पायजे?"

मला त्या दिवशी चाळीस तरी शब्द कळले असतील, आणि बारा धडे मी एकेका शब्दावर अडून बसले होते. मला माझाच राग आला. योगिनीताईंनी पाचही प्रश्न विचारले. पाचही बरोबर आले.

"लिही!" मी ओमला म्हणाले.

"हे धरायचे नाय," ओम म्हणाला आणि त्याने खडू खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो वळला तर फाटकाशी बायका आधीच उभ्या. "आज कोण हरवलंय?" त्या दिवशी धड्यात कुणाची तरी गाडी चुकली. नंतर एका म्हातारीचा चष्मा, मग एका डॉक्टरांची छत्री. भेंडी निवडत, कोथिंबीर हुंगत सगळी सोसायटी उत्तरांवरून भांडायची. "ती बहिणीकडे गेली!" "अहो, मावशीकडे!" "पुन्हा लाव गं!" निकाल मी द्यायचा. चुकीचा दिला तर बायका मला कढीपत्तासुद्धा मागायच्या नाहीत, म्हणून मी कान टवकारून ऐकायचे. वाचनासाठी योगिनीताई इंग्रजी पेपर आणायच्या. मी टेम्पोत उभी राहून बातम्या वाचायचे आणि त्या खालून म्हणायच्या, "श्वास घे, बाई. कुणी मागे लागलंय का तुझ्या?" दहा वाजायच्या आत आमची पाटी रिकामी व्हायची. इतकी मज्जा मला कुठल्याच सुट्टीत आली नव्हती. ओम मात्र हळूहळू गप्प होत चालला होता. मला वाटलं, चिडवायला काही उरलं नाही म्हणून तोंड पडलंय. मला तर त्याचाही आनंद झाला.

दहा जूनला मोठ्या मॅडमनी विमानतळावरची सूचना ऐकवली. तिसऱ्याच वाक्यात एक भलामोठा शब्द आला. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि पुढे जाऊ दिलं. पाचही उत्तरं बरोबर. वाचताना तर मी श्वाससुद्धा घेतला.

"एट्थ स्टँडर्ड," मॅडम म्हणाल्या.

मी बाहेर उड्या मारतच आले. आईने मला उचललंच, माझे पाय जमिनीला घासत होते तरी. ओम म्हणाला, "बरं झालं," आणि टेम्पोत मागे रिकाम्या गोण्यांवर जाऊन बसला. मीही मागे चढले. असली संधी मी थोडीच सोडणार?

"काय मग, सातवीतले? तुझ्या शेजारी आता कोण बसणार?"

मी वाकून बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मला तिथं कुनी ओळखत नाय, ताई," तो म्हणाला. "मला वाटलं, तू तरी असशील."

अख्खी सुट्टी मी ज्याच्यावर दात खात होते, तो मला सोबतीला मागत होता, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. मी त्याला जवळ घेतलं. एरवी तो झटकून देतो, त्या दिवशी त्याने झटकलं नाही.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी त्याला सातवीच्या वर्गापर्यंत सोडायला गेले. सातवी खालच्या मजल्यावर होती, आठवी वरच्या. दारात त्याने माझ्या दप्तराचा पट्टा धरला. पट्टा धरलेला तसाच आम्ही आत गेलो आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. जो बाक नको म्हणून मी महिनाभर आरडाओरडा केला होता, त्यावर आपल्या पायांनी जाऊन बसले. वर्गशिक्षिका आल्या, हजेरी झाली आणि एक डोकं जास्त भरलं. त्यांनी मला उभं केलं आणि मी इथे काय करतेय ते इंग्रजीत विचारलं.

"माय ब्रदर इज न्यू," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "बट यू आर न्यू टू," त्या हळूच म्हणाल्या.

सगळे शब्द ओळखीचे होते. पण सुट्टीभर मला तो विचार करायला वेळच झाला नव्हता. आठवीच्या वर्गात माझंही कुणी नव्हतं. मी ओमकडे बघितलं.

ओमने पट्टा सोडला. "जा, ताई," तो म्हणाला. "मी बसतो."

मी डोळे पुसत बाहेर पडले आणि तरातरा चालायला लागले. मागून ओमचा आवाज आला, खणखणीत, अख्ख्या नव्या वर्गासमोर, "सिस्टर! नॉट देअर! अपस्टेअर्स!"

सगळा वर्ग हसला, त्यात तोही हसला. मी वळले आणि जिना चढायला लागले.