पाय कापायच्या आधी मला विचारा

मी फुगा बोलतोय. हसू आलं? येऊ द्या. जळगावातले भलेभले डॉक्टरही हसले होते. पण मी जत्रेतला फुगा नव्हे. शेवईसारख्या लांब, बारीक नळीच्या टोकाला घट्ट गुंडाळून बसवलेला मी, रक्तवाहिनीतला फुगा. वाट अरुंद झाली की आत शिरायचं, फुगायचं, साचलेला थर भिंतीशी दाबायचा आणि बाहेर यायचं, एवढंच माझं काम.

जन्म माझा परदेशातला. नाकातोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी भिंगाखाली माझ्या घड्या घातल्या आणि मला पाकिटात बंद केलं. शहाण्णव साली मी जळगावला आलो, डॉक्टर शालिग्राम यांच्या दवाखान्यात. मुंबईत शिकून ते नुकतेच आपल्या गावी परतले होते.

आलो खरा, पण कपाटात पडून राहिलो. दार उघडलं की वाटायचं, आज आपली पाळी. हात मात्र शेजारच्या पट्ट्यांकडे जायचा. "फुग्याने पाय वाचले असते तर आम्ही सुरी कशाला हातात धरली असती?" असं गावातले एक जुने सर्जन म्हणाले, तेही मी आतून ऐकलं. मला राग आला. एकदा वापरून तर बघा!

मग द्रौपदाबाई आली.

पाचोऱ्याजवळच्या खेड्यात ही साठीची विधवा एकटी राहायची, शेळ्या राखायची. वर्षभर चालताना तिची पोटरी धरत होती. ती मध्येच थांबायची आणि शेळ्या पुढे निघून जायच्या. पुढे पायाच्या करंगळीला जखम झाली, भरेना, बोट काळं पडलं. धुळ्याच्या एका दवाखान्यात सांगितलं, गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. बाई तशीच खाटेवरून उतरली. "पाय मना शे," म्हणाली, "मी कापू देणार नही."

तिची लेक कलाबाई जळगावातच, पिंप्राळ्यात राहायची. तिने आईला रिक्षात घातलं आणि आमच्याकडे आणलं.

डॉक्टरांनी पावलावर हात ठेवला. पाऊल गार. जांघेत नाडी लागत होती, पावलात लागत नव्हती. "मांडीतली रक्ताची नळी आवळली आहे," ते म्हणाले. "फुगा घालून ती उघडता येईल."

कलाबाई रडवेली झाली. "डॉक्टर, उशीर केला तर आईच्या जिवावर बेतेल असं धुळ्याला सांगितलंय. नक्की जमेल ना?"

"नक्की म्हणणार नाही. मुंबईत मी हे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली केलंय. इथे पहिल्या याच. फसलं तर पाय कापावाच लागेल."

"आनि जमनं तर?" द्रौपदाबाईने विचारलं.

"पाय राहील, अक्का. काळं बोट मात्र जाईल."

"बोट ली ल्या. पाय ठेवा." मग लेकीकडे वळून ती म्हणाली, "रडू नको. पाय गया तर तुना दारवर बसनं पडी. जवलोंग उभी शे, तवलोंग कोणले हात पसारना नही."

अशी माणसं भेटली की फुग्याचीही छाती फुगते.

दुसऱ्या दिवशी माझं पाकीट फाडलं. जांघेत भूल दिली होती, बाई जागी होती. आधी नळीत सारलेल्या बारीक तारेवरून सरकत मी आत शिरलो. गरम रक्त, आणि पुढे एकदम चिंचोळी खिंड. खिंडीत मला नेमकं बसवलं आणि पिचकारीने माझ्यात एक्स-रेत दिसणारं पाणी भरलं. पडद्यावर डॉक्टरांना मी दिसत होतो. दोन्ही टोकांना फुगलेला, मधोमध मात्र करकचून आवळलेला. खिंड हटेना. मला रिकामं केलं, पुन्हा भरलं. तरी हटेना.

डॉक्टरांचा हात थांबला. आणखी जोर लावला तर मी फुटेन, नाहीतर नळी फाटेल, ही भीती.

"काय व्हयनं?" बाईने विचारलं.

"आणखी दाबावं लागेल, अक्का. धोका आहे. दुखेलही."

"मंग दाबा ना! मी कोठे वरडी राह्यनी?"

त्यांनी जोर वाढवला. माझी कातडी ताणली, आता फाटते की काय असं झालं. पण मी हटलो नाही. आणि खिंड सुटली! मधली आवळ गेली. मी सरळ झालो. मला रिकामं करून बाहेर ओढलं, त्यामागोमाग रक्त धावत खाली गेलं.

थोड्या वेळाने कलाबाईने आईचं पाऊल हातात घेतलं. "आई, पाऊल ऊन लागतंय गं!" एवढंच ती बोलू शकली.

बोट गेलं. पाय राहिला. आमच्याच दवाखान्यातून बाई आपल्या पायांनी बाहेर पडली. डॉक्टरांनी तंबाखूची मिसरी सोडायला सांगितली, तेवढ्यावरून मात्र ती भांडली. "नळी पुन्हा आवळू शकते," त्यांनी बजावलं.

"आवळी तर परत येसू!" ती म्हणाली. अन् दीड वर्षाने खरंच आली. माझ्या जागी नवा फुगा घातला.

मी एकदाच वापरायचा. म्हणून धुऊनपुसून डॉक्टरांनी मला टेबलाच्या खणात ठेवलंय, रोग्यांना दाखवायला. नळी चुरगळली, कातडी सैल पडली. परवा द्रौपदाबाई गावच्या भाईदासला घेऊन आली होती. त्यालाही कुठे तरी पाय कापायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं. तो हसला.

"हासू नको," बाई म्हणाली आणि चप्पल काढून आपला पाय त्याच्यापुढे धरला.

सगळेच पाय मी वाचवू शकत नाही. सुरी लागते तिथे लागतेच. पण गार पावलावर कुणी हात ठेवलेला नसताना, नाडी चाचपलेली नसताना "कापा" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: आधी मला आत जाऊ द्या. हरलो तर सुरी आहेच. पण न लढता मी हरणार नाही.