तानाबाईची काळी मेंढी

मैंदर्गीच्या धनाजीनं माडग्याळ जातीचा उंच मेंढा आणला, तेव्हा त्याचा कळप काळ्या, बुटक्या मेंढ्यांचा होता. पहिल्याच वेताला लांब पायांची, बाकदार नाकाची कोकरं निघाली. लोक थांबून बघायला लागले. मग धनाजी दर वेताला उंच तेवढी ठेवायचा आणि काळी बुटकी विकून टाकायचा. काही वर्षांत कळप ओळखू येईना.

त्याची आई तानाबाई घोंगडीसाठी लोकर कातायची. नव्या मेंढ्यांच्या अंगावर कातण्याजोगी लोकर नव्हती. तिनं एकच काळी मेंढी मागून घेतली आणि बजावलं, हिला या मेंढ्याजवळ सोडू नको, कुंभारीच्या निंगव्वाकडं काळा मेंढा आहे, तिथं ने. धनाजी हो म्हणाला. मेंढी माजावर आली तेव्हा मात्र त्यानं कुंभारीला जायचा कंटाळा केला, तिला कळपातच राहू दिलं आणि नेऊन आणल्याचं आईला सांगितलं.

मेंढी व्यायला अडली. पोटातलं कोकरू तिच्या मानानं फार मोठं होतं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत धनाजीनंच ते ओढून काढलं. कोकरू जगलं, मेंढी गेली.

तानाबाईनं कोकराचे लांब पाय पुसले. "निंगव्वाच्या मेंढ्याचं न्हाय हे."

"न्हाय, आय."

 कोकराला तिनं शेळीच्या आचळाला लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं धनाजीला वाटत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी तो आईसाठी काळी मेंढी आणायला कुंभारीला गेला. निंगव्वाकडंही काळ्या मेंढ्या उरल्या नव्हत्या, म्हातारा मेंढा तेवढा होता. तो तिनं दिला. पुढं ते पोरकं मादी कोकरू वयात आलं, त्या मेंढ्यापासून व्यालं. पिल्लू काळं निघालं, पाठीवर दाट लोकर, पोट उघडं, पाय मात्र आईसारखेच लांब.

धनाजी आता काळी कोकरं राखतो, देखणी उंच विकतो. गावातले हसतात. एकदा त्यानं आईला विचारलं, असंच निवडत गेलो तर जुनी मेंढरं परत येतील का.

"ती न्हाय येनार," तानाबाई म्हणाली. "ही तिसरीच जात हुईल. चांगली हुईल कदाचित."

शेवटचं आईनं आपलं मन राखायला म्हटलं, हे त्याला कळलं. तो उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेला.