म्हाताऱ्याचा धडा

सहावी छडी बसली तेव्हा केसरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहून गेली. सातवीला तिनं ती टाकली. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत नव्हतं, म्हणजे मार उत्तरेश्वरलाच बसत होता. बाकीची पोरं ओरडत. मास्तरांचा पोरगा ओरडला तर त्याला दोन जास्तीच्या मिळत, हे त्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

घराची पुढची ओसरी म्हणजेच कसब्यातला निजाम सरकारचा मदरसा. मध्ये मातीची भिंत, तिला वर वीतभर झरोका. पलीकडं राधाकिशन मास्तर आणि तिसऱ्या जमातीची, म्हणजे तिसरीच्या वर्गाची, बारा पोरं. अलीकडं चूल, जातं आणि केसरबाई. शिकवणं उर्दूत, आणि वर फारसीतला एक जुना थोर किताब. तो तोंडपाठ पाहिजे, असा वरचा हुकूम. पोरं सगळी कुणब्यांची. किताबात बादशहा, फकीर, गुलाबांच्या बागा आणि सरो नावाचं एक उंच झाड. सरो म्हणजे कसलं झाड, असं पाटलाच्या बंकटनं एकदा विचारलं होतं. मास्तरांनी ते झाड कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बंकटला पाच छड्या मारल्या.

पोरं त्या किताबाला म्हातारा म्हणत. आज म्हातारा कुणाला खातोय, असं कुजबुजत ओसरीत शिरत. बंकटनं तर त्याचं एक पान शेळीपुढं धरून पाहिलं होतं. शेळीनंही तोंड फिरवलं, आणि त्या गमतीपायी अख्ख्या जमातीच्या पाठी सोलून निघाल्या.

मास्तर घरात वाईट नव्हते. केसरबाई तापानं फणफणली होती तेव्हा चार दिवस त्यांनीच भाकरी थापल्या. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नसे, म्हणून त्या भाकरींना एका बाजूनं खाच पडायची. लहानपणी हाच किताब शिकताना ते बोट मोडलं होतं. ही गोष्ट ते कौतुकानं सांगत.

त्या दिवशी उत्तरेश्वर आत आला तो दोन्ही हात काखेत दाबून. केसरबाईनं त्याला मांडीवर ओढलं, तळव्यांना हळद-तेल लावलं आणि फुंकर घालू लागली.

"माय, त्यो म्हातारा मी हिरीत टाकून येऊ का?" त्यानं विचारलं.

ती हसली. फुंकर घालता घालता तिच्या तोंडून आज अडलेली ओळ निघाली, मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. पोरगं तिच्या तोंडाकडं बघतच राहिलं. तिलाही नवल वाटलं. अकरा वर्षं ती त्या भिंतीमागं दळत होती. दरसाल पोरं नवी, ओळी त्याच. अर्थ एकीचाही ठाऊक नव्हता, पण जात्याच्या फेऱ्यात त्या ओव्यांसारख्या बसून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दळायला बसली की ती त्याचा हात खुंट्यावर आपल्या हाताखाली घेई. फेरा सुरू झाला की ओळ सुरू. वर्षभर मारून जे आलं नव्हतं ते आठ दिवसांत आलं. मध्येच पोरगं हसायचं, कारण फारसीतला बादशहा जात्यावर सासुरवाशिणीसारखा रडका वाटायचा. केसरबाई मनाशी म्हणायची, हात वाचले माझ्या लेकराचे. मदरशाची एक जुनी रीत होती, ती तिच्या ध्यानातच आली नाही. या जमातीत कुणालाच कधी पाठ आला नव्हता, त्यामुळं ती रीत वर्षभर पाळायची वेळच आली नव्हती.

नवव्या दिवशी उत्तरेश्वरनं धडा म्हटला. न अडखळता, जात्याचा हेल लपवून, पार शेवटापर्यंत. ओसरीत चिडीचूप झालं. मग मास्तरांचा आवाज आला, "शाबास." भिंतीअलीकडं केसरबाईनं पदर तोंडाला लावला.

"उठ," मास्तर म्हणाले. "एकेकाला मार."

तेव्हा तिला आठवलं. ज्याला पाठ आला त्यानं, ज्यांना आला नाही त्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारायची. उखळ पालथं घालून ती त्यावर चढली आणि झरोक्याला डोळा लावला.

पहिला बंकट होता. चौदा वर्षांचा, मास्तरांच्या खांद्याला लागलेला. याच बंकटनं पावसाळाभर उत्तरेश्वरला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती, जांभळं खायला. उत्तरेश्वरचा हात त्याच्या गालापर्यंत पोचेना. मग बंकटच गुडघ्यावर बसला आणि त्यानं गाल पुढं केला.

"मार बे लवकर," तो हळूच म्हणाला.

उत्तरेश्वरनं नुसता हात लावल्यासारखं केलं.

"ऐसा नहीं," मास्तर म्हणाले. "ऐसा." आणि कसं ते त्यांनी पोराच्याच गालावर दाखवलं. पोरगं भिंतीवर आदळलं. उठलं. मग त्यानं मारली. आवाज झाला. रीत एका थोबाडीची होती. त्यानं दुसरी मारली, तिसरी मारली, चौथी कानावर मारली. चौथीला बंकट आडवा झाला. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही. पुढची पोरं आपण होऊन गुडघ्यावर बसू लागली, आणि शेवटच्यापर्यंत पोचता पोचता उत्तरेश्वर त्यांच्या बसण्याचीही वाट बघत नव्हता.

दुपारी तो पोटभर जेवला. बंकट्या कसा पडला हे त्यानं दोनदा सांगितलं. केसरबाईनं त्याचा उजवा तळवा उलटा करून पाहिला. आजही लाल होता.

"माय, उद्याचं सांग ना," तो म्हणाला. "लई सांग."

संध्याकाळी बंकटचा बाप अर्जुनराव पाटील दारात आला तेव्हा केसरबाईनं उत्तरेश्वरला आपल्यामागं ओढलं. पण पाटील ओसरीवर ऐसपैस बसला आणि हसू लागला.

"मास्तर, बेस केलं तुमी. एवढुशा पोरानं कान फोडला ह्याचा. आता तरी लाजून शिकंल."

मागं बंकट उभा होता. कानाला फडकं बांधलेलं, त्यावर वाळलेलं रक्त. बापानं हाक मारली की तो दुसरा कान पुढं करायचा.

पाटील गेल्यावर केसरबाईनं नवऱ्याला पाणी दिलं आणि उभीच राहिली. ही रीत बंद करा, म्हणाली. मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. आपण लहानपणी किती जणांना मारलं आणि कितीकांचा मार खाल्ला, ते त्यांनी सांगितलं. त्याशिवाय किताब येतच नाही, म्हणाले.

"मला आला की, अवो."

मास्तरांना वाटलं, ही थट्टा करते आहे. मग तिनं म्हणून दाखवलं. आजचा धडा, उद्याचा, परवाचा. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. त्यांचं ते न वाकणारं बोट मांडीवर ताठ होतं. ती थांबली.

"एक शब्द चुकतोय तुझा," ते म्हणाले, आणि पागोटं उचलून बाहेर निघून गेले.

सकाळी ती दळायला बसली तसा उत्तरेश्वर डोळे चोळत आला आणि त्यानं आपणहून खुंट्यावर हात ठेवला. तिनं जातं ओढलं. फेरा झाला, दुसरा झाला.

"सांग की, माय."

"फुडचं मला न्हाई येत."

"आन् आता आप्पा मारतील तवा?"

तिनं नुसतं जातं ओढलं. त्यानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग हात काढून घेतला.

त्या दिवशी कुणालाच पाठ आला नाही. प्रत्येकाला सहा छड्या. मास्तरांचा पोरगा म्हणून उत्तरेश्वरला बारा, आणि कालचा शाबासकीवाला म्हणून वर आणखी सहा. केसरबाई उखळावर चढली नाही. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात जमिनीवर दाबून ती बसून राहिली. पलीकडं तो एकदाही ओरडला नाही.

आत आला तेव्हा त्याची बोटं मिटत नव्हती. बंकट आज आलाच नाही, एवढं म्हणाला. तिनं हळद-तेल लावलं, भाकरी दुधात कुस्करली आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

"तुला येतंय," तो म्हणाला. "सकाळी तुझे व्हट हलत व्हते. आवाज तेवढा काढला न्हाईस."

केसरबाईनं त्याच्याकडं पाहिलं. खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मग मान हलवली.

"येतंय," ती म्हणाली. "सगळं येतंय."

त्यानं ओठ घट्ट मिटले आणि दाराकडं बघत राहिला. तिनं घास खाली ठेवला नाही. दूध बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बांगड्यांत ओघळत गेलं, तरी तिचा हात तिथंच होता.