मागची सीट

“आपल्याला काही मदत हवी आहे का?” गाडीच्या छतातून बाईचा आवाज आला आणि पुंजारामने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले.

“न्हाई बाई, चुकून दाबल्या गेलं,” तो वर बघत म्हणाला.

शेजारी बसलेल्या कल्याणीने हसू आवरलं. “काका, ते अपघात झाला तर दाबायचं बटण.”

जालन्यातल्या या बियाणेवाल्यांकडे जीप होती तेव्हापासून पुंजाराम ड्रायव्हर होता. नवी महागडी गाडी आल्यापासून मात्र त्याची झोप उडाली होती. “नाही जमलं तर दुसरा माणूस बघू,” मालक गिरिधरशेठ म्हणाले होते. रागाने नव्हे, सहज बोलावं तसं. ते त्याला जास्त लागलं. म्हणून त्यांची सून कल्याणी रोज दुपारी मोबाइलवर माहिती काढून त्याला एकेक बटण समजावत होती.

“वहिनी, अन् हे पुढच्या सीटच्या कडंचं?”

“त्याने ही सीट पार पुढे सरकते. मागच्या माणसाला पाय लांब करता येतात.”

पुंजारामने ते दाबून पाहिलं. मग स्वतःच मागे जाऊन बसला आणि पाय सरळ पसरला.

“आईंचा पाय मावंल की वो,” तो हळूच म्हणाला.

गिरिधरशेठच्या आई रमाबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय दुमडून बसू शकत नव्हत्या. वाटूरची त्यांची धाकटी बहीण झुंबरबाई अंथरुणाला खिळली होती, रोज त्यांची आठवण काढत होती. “बसून जाणं झेपणार नाही,” म्हणून शेठ जाऊ देत नव्हते. कल्याणीने सासऱ्यांना गाडीत नेऊन ती मोकळी जागा दाखवली, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

पौषातली थंडी होती. कल्याणीही सोबत निघाली. पुंजारामने गाडी जपून नेली. पण वाटूरला घरासमोर थांबल्यावर उंच पायऱ्या पाहून रमाबाईंचा चेहरा उतरला.

“मला न्हाई चढवणार रे, पुंजाराम.”

“तुम्ही उतरू नका, आई. मावशीलाच इकडं आणू.”

त्याने बहिणीसाठी रमाबाईंच्या शेजारच्या सीटची पाठ जरा कलती केली. टेकताना दार उघडू नये म्हणून आतून न उघडण्याचं कुलूप लावलं, सीट गरम करण्याचं बटण दाबलं. रमाबाईंच्या भाच्याने झुंबरबाईंना उचलून आणलं आणि अलगद आत ठेवलं.

“अक्का, पाठीला ऊन लागून राह्यलंय गं,” झुंबरबाई म्हणाल्या.

“पुंजारामनं लावलंय,” म्हणत रमाबाईंनी तिचा हात हातात घेतला.

गल्लीतली पोरं काचेला नाक लावू लागली. पुंजारामने मागचे पडदे वर घेतले आणि दार लोटून बाहेर कल्याणीजवळ जाऊन उभा राहिला. आत दोघी काय बोलल्या, ते कुणाला कळलं नाही. एकदा हसण्याचा आवाज आला.

ऊन कलल्यावर भाचा झुंबरबाईंना घरात घेऊन गेला. रमाबाई पदराने डोळे पुसत त्या बंद दाराकडे पाहत राहिल्या. कल्याणी पुढे बसणार होती, पण आजेसासूबाईंच्या पायासाठी ती सीट पार पुढे सरकवलेली पाहून ती मागच्या रिकाम्या सीटकडे निघाली.

“तू पुढंच बस, बाई. आवळून बस जराशी,” रमाबाई म्हणाल्या.

गाडी मंठा रस्त्याने परत जालन्याकडे निघाली. रिकाम्या सीटची गरमी बंद करायला पुंजारामने बोट पुढे केलं.

“राहू दे रे ते.”

“बराबर, आई,” तो म्हणाला आणि हात मागे घेतला. जालना येईपर्यंत रमाबाईंचा तळवा शेजारच्या सीटवर टेकलेला होता.